एक अक्ष, पाच यंत्रं

शॉपस्मिथ मार्क ५ या यंत्राचे फोटो कितीही पाहिले तरी यंत्र हाती लागत नाही. एका फोटोत गोल करवत दिसते, दुसऱ्यात कातकामाचा लेथ, तिसऱ्यात उभं ड्रिल मशीन, चौथ्यात काचकागद चिकटवलेली तबकडी आणि पाचव्यात आडवं भोक पाडण्याची सोय. पाचही फोटो खरे आहेत. पण दर फोटोत टेबल वेगळ्या जागी, हँडल वेगळ्या दिशेला, आणि एकात तर अख्खं यंत्रच उभं राहिलेलं. कुठला भाग जागचा हलला नाही आणि कुठला हलला, हे फोटोवरून सांगता येत नाही. पेन्सिल हातात घेतली की मात्र पहिल्याच रेघेला हा प्रश्न आडवा येतो, कारण रेघ कुठे ओढायची हे कुणीतरी ठरवावंच लागतं.

हे यंत्र हान्स गोल्डश्मिट यांच्या डोक्यातून निघालं. जर्मनीत जन्मलेले गोल्डश्मिट १९३०च्या दशकात अमेरिकेत गेले. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथे घरच्या घरी सुतारकाम करण्याची हौस वाढली होती. पण गॅरेजमध्ये पाच यंत्रं मावत नव्हती आणि पाच मोटरींचा खर्च झेपत नव्हता. १९४७च्या सुमारास त्यांचं पहिलं मॉडेल आलं आणि माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या साखळी दुकानातून विकलं जाऊ लागलं. १९५३मध्ये मार्क ५ आलं. साठच्या दशकात उत्पादन थांबलं, आणि १९७२मध्ये जॉन फोल्कर्थ यांनी ओहायो राज्यात ते पुन्हा उभं केलं. इतिहास एवढा पुरे. आपल्या कामाची गोष्ट अशी की मधल्या काळात मोटर बदलली, पट्टे बदलले, रंग बदलले, पण मूळ मांडणी बदलली नाही. जुन्या मार्क ५चं ड्रॉइंग एकदा नीट जमलं, की त्याच घराण्यातलं नवं यंत्र वाचायला फारसे कष्ट पडत नाहीत.

ड्रॉइंग काढायला बसलं की आधी बाहेरचा आकार काढण्याचा मोह होतो. मोटरच्या पेटीची गोलाई, पायांचा उतार, हँडलच्या मुठी. हे सगळं शेवटी काढलं तरी चालेल, नाही काढलं तरी चालेल. कागदावर आधी एक आडवी मध्यरेषा ओढावी: लांब रेघ, बारीक तुकडा, पुन्हा लांब रेघ. ही स्पिंडलची, म्हणजे फिरणाऱ्या कण्याची अक्षरेषा. करवतीचं पातं, ड्रिलचा चक, लेथवर लाकूड पकडणारा दातेरी सेंटर, बारा इंची घासायची तबकडी, सगळं या एकाच कण्यावर चढतं. कण्याची जाडी ५/८ इंच, आपल्या सुतारांच्या मापात पाच सूत.

या अक्षाला समांतर, त्याच्या खाली, दोन पोलादी नळ्या. नळ्यांवर डावीकडे हेडस्टॉक बसतो. मोटर, पट्टे आणि कणा त्याच्या पोटात असतात. उजवीकडे एक सरकता गाडा, त्यावर टेबल. दोन्ही नळ्यांवरून सरकतात आणि हव्या त्या जागी खिट्टीने आवळून बसवता येतात. लेथ म्हणून वापरताना उजव्या टोकाला टेलस्टॉक येतो आणि दोन सेंटरांच्या मध्ये ३४ इंच लांबीचं लाकूड मावतं. समोरून दिसणाऱ्या आकृतीत यापेक्षा जास्त काही लागत नाही. बहुतेक हौशी मंडळी इथेच कागद गुंडाळून ठेवतात.

खरी मजा टोकाकडून दिसणाऱ्या आकृतीत आहे, आणि ती आकृती दिसायला अगदी कंगाल असते. शेजारी शेजारी दोन वर्तुळं, म्हणजे नळ्यांची टोकं; त्यांच्या वर, बरोबर मध्यावर, एक ठिपका, म्हणजे अक्ष. बस्स. या लेथवर साडेसोळा इंच व्यासापर्यंतचा लाकडी थाळा फिरू शकतो असं माहितीपत्रक सांगतं. कंपासचं टोक ठिपक्यावर ठेवा आणि सव्वाआठ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा: ते दोन्ही नळ्यांना जेमतेम चुकवून जातं. हे सव्वाआठ इंच सरळ खाली मोजायचे नाहीत, हेही याच आकृतीत दिसतं. नळ्या एकमेकींपासून अंतर राखून असल्यामुळे थाळ्याचा खालचा काठ त्यांच्या मधल्या फटीकडे झुकतो, आणि आडकाठी येते ती तिरक्या दिशेने. समोरच्या आकृतीत हा तिरकेपणा कधीच दिसला नसता. तिथे एक नळी दुसरीच्या मागे लपते.

आता यंत्र उभं करू. नळ्यांच्या उजव्या टोकाशी बिजागरीसारखा सांधा आहे. हेडस्टॉककडचं डावं टोक वर उचललं की नळ्या खांबासारख्या उभ्या राहतात आणि कण्याचं तोंड जमिनीकडे वळतं. झालं ड्रिल मशीन. (उचलण्याआधी हेडस्टॉक आणि गाडा दोन्ही आवळलेले हवेत. नाहीतर काय होईल ते ड्रॉइंगशिवायही कळतं.) ड्राफ्ट्समनच्या रिवाजानुसार भागाची पर्यायी जागा बारीक साखळी-रेघेने दाखवतात, एक लांब तुकडा आणि दोन आखूड. समोरच्या आकृतीवरच त्या रेघेने उभी नळी काढली, तर एका कागदावर दोन यंत्रं दिसतात.

टोकाकडून काढलेल्या त्या कंगाल आकृतीचं काय? ती पुन्हा काढावी लागत नाही. यंत्र आडवं असताना आपण अक्षाच्या दिशेने पाहत होतो. यंत्र उभं राहिल्यावर अक्षाच्या दिशेने पाहणं म्हणजे वरून पाहणं. तीच दोन वर्तुळं, तोच ठिपका, तेच सव्वाआठ इंच. फक्त नाव बदललं: लेथच्या वेळी ती बाजूची आकृती होती, ड्रिलच्या वेळी तीच प्लॅन झाली. माहितीपत्रकात लेथची क्षमता साडेसोळा इंच लिहिलेली असते आणि ड्रिलच्या खाली पुन्हा सांगितलेलं असतं की साडेसोळा इंची वर्तुळाच्या मध्यावर भोक पाडता येतं. वाचणाऱ्याला वाटतं, दोन गुण आहेत. ड्रॉइंग सांगतं, एकच माप दोनदा विकलं आहे. विक्रेत्याला दोष नाही. बहुउद्देशी यंत्राची सगळी हुशारीच त्यात आहे की एका मापाकडून दोन कामं करून घ्यावीत.

करवतीकडे वळलं की हीच हुशारी थोडी महाग पडते. नेहमीच्या टेबल सॉमध्ये टेबल जागचं हलत नाही आणि पातं खालीवर होतं, कलतं. इथे पातं कण्यावर, कणा हेडस्टॉकमध्ये, हेडस्टॉक नळ्यांवर. पात्याला खालीवर व्हायची मुभाच नाही. म्हणून टेबल खालीवर होतं आणि कलायचं असेल तर टेबलच कलतं. पातं दहा इंची, म्हणजे अक्षापासून त्याचा काठ पाच इंचांवर. जास्तीत जास्त काप सव्वातीन इंच खोल. पाचातून सव्वातीन गेले, उरले पावणेदोन. म्हणजे टेबल कितीही खाली आणलं तरी त्याचा पृष्ठभाग अक्षाच्या पावणेदोन इंच वरच थांबतो. त्याखाली टेबलाची जाडी आणि कण्याची मान यांना जागा लागते, हे कागदावर ताबडतोब दिसतं. आणि अक्ष मुळात नळ्यांच्या एवढा वर का, तर लेथवर साडेसोळा इंची थाळा फिरला पाहिजे म्हणून. या यंत्राचं करवत-टेबल कमरेच्या मानाने फार उंच येतं, ही वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. त्या तक्रारीचं मूळ लेथमध्ये आहे, हे फोटो पाहून कुणाच्या ध्यानात आलं असतं?

कलत्या टेबलाचंही तसंच. तिरपा काप घेताना पातं ताठ उभं आणि फळी उतारावर. फळीला घसरायचंच असतं, म्हणून कडेची मार्गदर्शक पट्टी उताराच्या बाजूला लावायची, चढाच्या बाजूला नाही. ४५ अंशांत कललेलं टेबल समोरच्या आकृतीत काढून बघा. हा नियम पाठ करावा लागत नाही.

आतापर्यंत हेडस्टॉक म्हणजे एक बंद पेटी होती. ती उघडायला ड्राफ्ट्समन छेद घेतो, म्हणजे अक्षातून उभी करवत चालवल्यासारखी कल्पना करून अर्धा भाग बाजूला काढतो. आत एकात एक घातलेल्या तीन वस्तू दिसतात आणि इथे हात अडतो. कुठली कुठल्यात बसली आहे हे काढणं सोपं. पण ती हलते कशी हे माहीत नसेल तर रेघ कुठे तोडायची, बेअरिंग कुठे दाखवायचं, कळत नाही.

सर्वात बाहेर क्विल नावाची जाड नळी. तिच्या अंगावर दात्यांची सरळ पट्टी कापलेली आहे, हँडलच्या टोकाचं दातेरी चाक त्यात अडकतं, आणि हँडल ओढलं की क्विल सव्वाचार इंच बाहेर येते. क्विल सरकते, पण फिरत नाही. तिच्या आत, बेअरिंगांवर, कणा. तो क्विलबरोबर सरकतो आणि फिरतोही. कण्याच्या मागच्या टोकाला लांबट खाचा कापलेल्या आहेत, आणि त्या एका बाहीसारख्या नळीत घुसतात. ही बाही पट्ट्याने फिरते, पण जागची हलत नाही. कणा तिच्यातून मागेपुढे सरकतो आणि खाचांमुळे तिच्याबरोबर फिरतो. चौथा उरला हेडस्टॉकचा ओतीव सांगाडा: तो फिरत नाही, सरकत नाही. एका कागदाच्या कोपऱ्यात चार चौकटींचं कोष्टक आखा, वर ‘फिरतं’ आणि ‘फिरत नाही’, बाजूला ‘सरकतं’ आणि ‘सरकत नाही’. चारही चौकटी भरतात आणि प्रत्येकीत एकच भाग येतो. यंत्ररचनेत असा नेटकेपणा फार वेळा भेटत नाही.

छेद काढण्याचे संकेत इथे उपयोगी पडतात. कापलेल्या भागावर ४५ अंशांच्या बारीक तिरक्या रेघा मारतात. शेजारच्या भागावर उलट्या दिशेने. मात्र कणा, बोल्ट, चावी असे भरीव भाग लांबीत कापले गेले तरी त्यांवर रेघा मारत नाहीत. विद्यार्थ्यांना हा नियम उगाच केलेली आगळीक वाटतो. पण या छेदात पांढरा राहिलेला कणा रेघाळलेल्या क्विलच्या आत असा उठून दिसतो, की फिरणारा भाग शोधावा लागत नाही.

क्विलचं हे सरकणं मुळात ड्रिलसाठी. पण ती पेटीतच असल्यामुळे सगळ्यांच्या वाट्याला येते. आडव्या भोकासाठी फळी टेबलावर घट्ट बांधून ठेवता येते आणि ड्रिल तिच्याकडे जातो. पाटाच्या कडेला खुंट्यांची भोकं एका रेषेत पाडायला याहून बरी सोय नाही. घासायची तबकडी केसभर पुढे घेता येते. करवतीचं पातंदेखील किंचित डावीउजवीकडे सरकवता येतं, जे साध्या टेबल सॉवर कुणी स्वप्नातही मागत नाही.

याच छेदात खाली मोटर आणि वेग बदलण्याची रचना येते. एका पट्ट्याच्या दोन पुल्या, पण दोन्ही दुभंगलेल्या: प्रत्येकीच्या दोन निमुळत्या तबकड्या जवळ आल्या की पट्टा बाहेरच्या, मोठ्या त्रिज्येवर चढतो, दूर गेल्या की आत उतरतो. एका पुलीच्या तबकड्या वेगाच्या खटक्याला जोडलेल्या, दुसरीच्या स्प्रिंगने दाबलेल्या. एक रुंदावली की दुसरी आपोआप अरुंद होते. ही कल्पना मिल्टन रीव्हज यांची, १८७९मधली, आणि तीही लाकूड कापण्याच्या गिरणीसाठीच निघालेली. मार्क ५चा कणा मिनिटाला सुमारे ७०० ते ५२०० फेऱ्यांपर्यंत फिरतो, म्हणजे सव्वासात पटींहून जास्त फरक. दोन्ही पुल्या सारख्या मानल्या तर प्रत्येकीला आपला व्यास सुमारे २.७ पट बदलावा लागतो, कारण २.७ला २.७ने गुणलं की जवळपास ७.३ येतात. एवढ्या छोट्या पेटीत हे कसं मावलं असेल, याचा अंदाज पुलीच्या दोन टोकांच्या स्थिती एकावर एक काढल्यावर येतो.

या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत एक ताकीद ठळक असते: यंत्र बंद असताना वेगाचा खटका फिरवू नका. कारण सहसा वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि मग ताकीद विसरली जाते. पुलीचा छेद काढताना ती पक्की बसते. थांबलेला पट्टा तबकड्यांच्या मध्ये चिमटलेला आहे. त्याला मोठ्या त्रिज्येवर चढायचं तर घसरत, फेरीफेरीने चढावं लागेल. फेरीच नाही तर तो चढणार कसा? खटका फिरवणाऱ्या हाताची सगळी ताकद मग पट्ट्याऐवजी आतल्या दांड्यांवर आणि पातळ ओतीव भागांवर जाते. दुरुस्तीला आलेल्या हेडस्टॉकमध्ये तेच भाग मोडलेले सापडतात.

छेद काढून यंत्र कळतं, पण सुटे भाग पुन्हा जोडायचे असतील तर वेगळी आकृती लागते: अक्षावरून भाग बाहेर ओढून ओळीने मांडलेली, थोडी तिरकस, तिन्ही दिशा दाखवणारी. कंपन्यांच्या सुट्या भागांच्या पुस्तिका याच पद्धतीने काढलेल्या असतात. तिचं मूळ केंब्रिजमध्ये आहे. विल्यम फॅरिश तिथे कारखान्यांतल्या यंत्रांवर व्याख्यानं देत. प्रत्येक व्याख्यानासाठी वेगळी प्रतिकृती ठेवण्याऐवजी त्यांनी चाकं, दांडे, चौकटी यांचा एकच संच केला होता. आजचं यंत्र मोडून उद्याचं त्याच तुकड्यांतून उभं करायचं. जोडणी मदतनीस करत, आणि त्यांना कळावं म्हणून फॅरिश यांनी जी समप्रमाण तिरकस चित्रपद्धती मांडली, ती १८२२मध्ये निबंधरूपाने छापली. आयसोमेट्रिक म्हणून आपण कॉलेजात शिकतो ती हीच. बहुउद्देशी यंत्र आणि ते समजावणारी आकृती यांची गाठ अशी शॉपस्मिथच्या सव्वाशे वर्षं आधीच पडली होती.

समोरून, वरून, बाजूने अशा सपाट आकृत्यांची शिस्त मात्र फ्रान्सची. गास्पार माँज यांनी ती मेझिएरच्या लष्करी शाळेत किल्ल्यांच्या बांधकामासाठी बसवली. तिथे ती बरीच वर्षं गुप्त ठेवली गेली. १७९५च्या व्याख्यानांनंतरच ती सर्वांची झाली. पुढे या शिस्तीच्या दोन शाखा झाल्या, आणि अमेरिकी यंत्र काढणाऱ्या मराठी माणसाला त्याचा उपद्रव होतो. आपल्याकडे भारतीय मानकानुसार फर्स्ट अँगल पद्धत. आयटीआयमध्ये तीच, आणि आणंदच्या चरोतर प्रकाशनाचं एन. डी. भट्ट यांचं पुस्तक घेऊन डिप्लोमा केलेल्यांच्या बोटांतही तीच. डावीकडून पाहिलेली आकृती उजवीकडे काढायची. अमेरिकेत थर्ड अँगल: डावीकडून पाहिलेली डावीकडेच. मार्क ५च्या बाबतीत दोन्हींची गल्लत झाली, तर हँडल एका बाजूला आणि त्याला हलवायचा भाग दुसऱ्या बाजूला अशी विचित्र स्थिती होते. कागदाच्या कोपऱ्यात कापलेल्या शंकूचं चिन्ह काढून कुठली पद्धत वापरली ते सांगावं. स्वतःसाठीच काढत असलो तरी.

मापं घेताना इंच की मिलिमीटर याचा वाद घालू नये. हे यंत्र इंचात जन्मलं, तर ५/८ला १५.८७५ लिहून काही साधत नाही. व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजता येतात. दोन नळ्यांच्या मध्यांतलं अंतर थेट मोजता येत नाही, म्हणून बाहेरून बाहेर मोजायचं आणि एक व्यास वजा करायचा.

हीच रीत आपल्या गल्लीतल्या यंत्राला लावून पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या फर्निचरच्या कारखान्यांत शॉपस्मिथ क्वचितच दिसेल. दिसतं ते लोखंडी अंगाचं रंधा मशीन, ज्याच्या ब्लेडच्या शाफ्टचं एक टोक बाहेर काढून त्यावर गोल करवत बसवलेली असते, आणि कधी दुसऱ्या टोकाला ड्रिलचा चक. इथेही सुरुवात एका मध्यरेषेनेच. पण पुढे कोष्टक भरायला घेतलं तर अर्धं रिकामं राहतं: क्विल नाही, खाचांचा कणा नाही, शाफ्ट फक्त फिरतो. सगळी सोय टेबलांवर टाकलेली. रंध्यासाठी पुढचं टेबल जितकी साल काढायची तितकं खाली, मागचं टेबल ब्लेडच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या पातळीत. करवतीसाठी बाजूचं टेबल स्वतंत्रपणे खालीवर.

शाफ्ट एकच असल्यामुळे वेगही एकच, आणि तो अक्षरेषेच्या शेजारीच लिहून ठेवावा. समजा मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिची पुली २०० मिमीची आणि शाफ्टची ८०ची. शाफ्ट ३६०० फेऱ्या करेल. १०० मिमी व्यासाच्या रंध्याच्या डोक्यावर ब्लेडची धार सेकंदाला सुमारे १९ मीटर वेगाने जाते. त्याच शाफ्टवर ३०० मिमीचं पातं चढवलं तर त्याचे दात ५६ मीटरच्या वर, आणि कुणी ४०० मिमीचं चढवलं तर ७५. पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. तो आकडा ३६००पेक्षा कमी असेल तर ते पातं या यंत्राचं नव्हे. आणि आकृती रंध्याच्या कामाची असली, माणूस समोरच्या टेबलावर फळी ढकलत असला, तरी बाजूचं करवतीचं पातं बारीक साखळी-रेघेने काढू नये. ते पर्यायी जागेत नाही. फळी रंधत असताना तेही तितक्याच फेऱ्यांनी फिरत असतं, म्हणून ते जाड, सलग रेघेनेच काढायचं आणि त्यावरचं झाकणही.